उजेड डावीकडून, पाय अंधारात

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (बाबांचे पाय माझ्या मांडीवर असल्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, घातला असं समज). तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? इकडे मी बरी आहे आणि बाबा बरे दिसतात. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते सांगायलाच हे पत्र.

तुझा निरोप पोचला. मी डॉक्टरांशी उद्धटपणे बोलले म्हणे, आणि मी माफी मागावी म्हणे. मागणार नाही! आधी सगळं वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तू लावून दिलेली ती व्हिडिओवरची तपासणी महिन्यातून एकदा, दहा मिनिटं असते. (त्यातली चार "आवाज येतोय का" यात जातात, आणि एक बाबांचं वय विचारण्यात, जणू ते मागच्या महिन्यापेक्षा कमी झालं असेल.) पण खरी गोम वेगळीच आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, त्यालाच आपण कॅमेऱ्यासमोर बसवतोय, हे आपल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! तपासणीच्या दिवशी बाबा सकाळपासून तयारीला लागतात. खुर्ची खिडकीपाशी, उजेड डावीकडून, तो चेहऱ्यावर परतावा म्हणून मांडीवर पांढऱ्या खोळीची उशी, इस्त्रीचा शर्ट, हनुवटी किंचित वर. खाली चुरगळलेला पायजमा. आणि त्याखाली पाय, दादा, असे सुजलेले की चप्पल शिरेना.

तीन महिने मी हे सांगत होते. डॉक्टर म्हणायचे, आजोबा तर टवटवीत दिसतायत, ताई, तुम्ही उगाच घाबरता. मी पायांचा विषय काढला की बाबा हसून म्हणायचे, हिला सवयच आहे. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पायांचे फोटोही पाठवले. "आपला फोटो मिळाला, धन्यवाद" असं उत्तर आलं. कुणाला मिळाला, देव जाणे.

मंगळवारी माझं डोकं फिरलं. बाबांनी नमस्कारासाठी हात जोडायच्या आत मी फोन उचलला आणि खाली त्यांच्या पायांसमोर धरला. डॉक्टर म्हणाले, कॅमेरा नीट धरा, चेहरा दिसत नाहीये. मी म्हटलं, चेहरा तीन महिने बघितलात, आज पाय बघा. वरून बाबांचा आरडाओरडा, "अगं, खालून घेऊ नकोस, उजेड चुकतोय!" मी घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. डॉक्टर पडद्याजवळ सरकले. मग पहिल्यांदाच त्यांनी मला प्रश्न विचारला, कधीपासून आहे हे? ब्लड प्रेशरची नवी गोळी सुरू झाल्याच्या पाचव्या दिवसापासून, मी वहीतली तारीखच वाचून दाखवली. दम लागतो का, झोपताना उशा किती लागतात, लघवी किती होते, सगळं वहीत होतं. दहा मिनिटं उलटली तरी ते हलले नाहीत. गोळी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावून रक्ताची आणि हृदयाची तपासणी केली. हृदय शाबूत आहे. तो कागद हातात येईपर्यंत मी बाकावर टेकलेही नाही, हेही लिहून ठेवते. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, वेळेत आलात. त्यावर मी "वेळेत?" असं जरा मोठ्याने म्हणाले. हाच तो उद्धटपणा.

(बाबांनी तुझ्याकडे चहाडी केली ती यासाठी नव्हे. त्यांचा राग, मी उलट्या उजेडात घेतलं यावर आहे.)

तुझी, उद्धट होती आणि राहणार अशी,
धाकटी बहीण

ता. क. सूज उतरतेय. काल चप्पल शिरली. डॉक्टरांनीच सांगितलंय की पुढच्या वेळी आधी पाय दाखवा, मग चेहरा. तेव्हा माफीचं राहू दे.

आणखी एक ता. क. दर रविवारी तू फोन लावतोस ना, तेव्हाही खुर्ची खिडकीपाशी असते आणि मांडीवर तीच उशी असते. "बाबा काय छान दिसतात," असं तू दर वेळी म्हणतोस. दादा, दोन वर्षांत तू त्यांना कमरेखाली पाहिलेलं नाहीस. येऊन बघ. आणि कळवून येऊ नकोस, नाहीतर शर्टाला इस्त्री करून बसतील.