सदरच्या कमानी आणि उषाची अन्नपूर्णा

शुक्रवार, माघ शुद्ध सप्तमी, संध्याकाळ

छावणीतला सदर बाजार पाहिला एकदाचा. काय त्या कमानी, काय ते नक्षीचे खांब! आत मात्र मडमांच्या टोप्या. उषाचं लग्न चार दिवसांवर, गौरीहराला पितळेची अन्नपूर्णा हवी. दुकानदारानं चिनी मातीची बाहुली पुढे केली. "माताजी, विलायती है."

"भैया, बेटी का ब्याह है, गुड़िया का नहीं."

"पीतल तो सब लड़ाई में गया. कारखानेवालों से पूछो."

आमचे हे दारूगोळ्याच्या कारखान्यातलेच. कमानीकडे बघत राहिले. असल्या कमानी काय चाटायच्या?

घरी येऊन आईनं दिलेली माझीच अन्नपूर्णा चिंचेनं घासली. देव्हाऱ्यात तिच्या जागी सुपारी मांडली. मी सुपारीवर भागवीन, पोरीला काहून भागवायला लावू?