सेनापतींना शेवटी चढवा

१ मार्च

आजपासून रोजनिशी. सीझर ऐन मोहिमेत लिहीत असे. तो स्वतःबद्दल ‘तो’ असं लिहायचा, मी ‘मी’ असंच लिहिणार. आपल्याकडे लपवाछपवी नाही.

कारण असं की मालक नवी शाखा काढतोय. घरसामान हलवण्याचा आमचा धंदा, दोन टेम्पो, दोन गँग, दोन सुपरवायझर. एक मी. दुसरा गोगलगाय (नाव मीच ठेवलंय, फक्त या वहीत). दोघांतला एक शाखाप्रमुख होणार, २५ तारखेला ठरणार. जो राहील त्याने ऑफिसात फोनवर बसायचं, कारण फोनवरची मुलगी नोकरी सोडून चाललीय. गोगलगाय एकेक खोकं उचलतो, हलवून बघतो, परत ठेवतो, मग बाजूला उभं राहून विचार करतो. अशा माणसाच्या हाती शाखा? मी फोनवर? शक्य नाही.

संकल्प: जगातल्या थोर सेनापतींचा तौलनिक अभ्यास पुरा करायचा, त्यातला सर्वश्रेष्ठ कोण ते ठरवायचं आणि त्याच्या पद्धतीने सामान हलवायचं. ग्रंथ घरात आहेत. सगळ्यांच्या प्रस्तावना वाचून झाल्यात.

तात्पुरती क्रमवारी: १. सिकंदर. २. नेपोलियन. ३. बाजीराव. ४. हॅनिबल. चेंगीझखान राखीव.

गँगमधल्या पैलवानाला (वजन जेमतेम, पण कपाट एकटा पाठीवर घेतो) यादी वाचून दाखवली. त्याने विचारलं, काका, यात बाजीप्रभू नाही? तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत खिंड सोडली नाही त्याने. मी समजावलं, बाबा रे, शूर होता, वादच नाही, पण एका जागी उभं राहणं म्हणजे सेनापतित्व नव्हे. सेनापती पुढे जातो. त्याला पटलं नाही. मला ‘सर’ म्हणा असं सगळ्यांना सांगूनही काकाच म्हणतात.

४ मार्च

सिकंदर स्वतः सगळ्यांच्या पुढे घुसायचा. आज फ्रिजचं पुढचं टोक मी धरलं. गँग नको नको म्हणत होती. त्यांच्या डोळ्यांत आदर होता, किंवा तशीच काहीतरी भावना.

दुसऱ्याच पायरीवर कमरेत उसण भरली.

हरकत नाही. सिकंदरानेही अंगावर जखमा घेतल्या होत्या.

६ मार्च

अंथरुणातून लिहितोय. ही मलम चोळताना म्हणाली की घरमालकाला जागा हवीय, महिनाअखेर आपल्यालाही घर हलवायचंय. नवं घर तिने बघून ठेवलंय. तिथल्या इमारतीच्या खालच्या दाराला कडक स्प्रिंग आहे, सोडलं की धाडकन मिटतं, सामान नेताना त्याचं काय करायचं, असं तिचं सुरू होतं. बायका बारीकसारीक गोष्टी बघतात. मी भूप्रदेश बघतो. म्हटलं, ती मोहीम माझ्यावर सोड. तिने जरा जोरात चोळलं.

सिकंदर तिसऱ्या क्रमांकावर. पुढे घुसणं हा उतावळेपणा आहे.

९ मार्च

बाजीराव! एकही लढाई हरला नाही. गुपित काय, तर वेग. आणि वेगाचं गुपित काय, तर सोबत कमी सामान, बाजारबुणगे नाहीत. हे आमच्या धंद्यात आजवर कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?

आजच्या गिऱ्हाइकाला सकाळीच सांगितलं, अर्धं सामान इथेच सोडा. तो बघतच राहिला. मी स्वतः खोल्यांतून फिरलो आणि काय न्यायचं, काय टाकायचं ते ठरवत गेलो. त्यांच्या आत्याबाईंची पत्र्याची जुनी पेटी दिसली. मी म्हटलं, हे बाजारबुणगे आधी बाहेर काढा. आत्याबाई मागेच उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणालो. त्या पेटीवर जाऊन बसल्या आणि उठेनात. शेवटी पैलवानाने हात जोडले, पाया पडला, तेव्हा उठल्या, तेही पेटी आपल्या नजरेसमोर चढवणार या अटीवर.

संध्याकाळी मालकाचा फोन. इतिहास वाचला आहे का असं मी त्याला विचारलं. त्याने फोन ठेवला. वाचलेला नाही.

१४ मार्च

आज आल्प्स.

तीन दारांचं सागवानी कपाट, चौथा मजला, लिफ्ट बंद. पैलवान म्हणाला, खोलून नेऊ, फळ्या वेगळ्या करू. गोगलगाय हेच करतो म्हणे. मी म्हटलं, हॅनिबलने आल्प्समधून हत्ती नेले. ते खोलून नेले का? त्यांनी कपाट उचललं. बिनतोड युक्तिवाद होता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना. खालचे खाली, वरचे वर. एक गृहस्थ ऑफिसला निघालेले, वरून ओरडत होते. मी त्यांना खालूनच सांगितलं की हॅनिबललाही डोंगराळ लोकांचा असाच त्रास झाला होता. त्यांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मग कुणीतरी (पैलवानच असणार) गोगलगायीला फोन केला. तो आला. एक स्क्रू-ड्रायव्हर. जिन्यात बसकण मारून त्याने सावकाश एकेक स्क्रू काढला आणि खिशात ठेवला. कपाटाच्या फळ्या झाल्या. जाताना मला म्हणाला, होतं असं, दादा. मला त्याच्या सहानुभूतीची काडीइतकी गरज नाही.

रात्री वाचलं की हॅनिबलचे बहुतेक हत्ती पुढे मेले. आणि नेपोलियनने आल्प्स ओलांडले ते खेचरावर बसून, चित्रात मात्र उसळता घोडा. म्हणजे मोठ्या माणसांचंही असंच असतं. लोक काय, जे दिसतं तेवढंच बघतात.

हॅनिबल दुसरा. अपयश आलं तरी योजना भव्य होती. भव्यतेला गुण हवेतच.

१९ मार्च

लिहावं की नाही असं वाटत होतं. लिहितो. घाबरत नाही कुणाला.

एक मुलगा आणि त्याची म्हातारी आई, दोघांचं घर. अभ्यासातून मला कळलं होतं की सैन्यात आघाडीची तुकडी सगळ्यात आधी निघते. म्हणून पोचल्यावर लगेच लागणाऱ्या वस्तू मी सगळ्यात आधी चढवल्या. आईची गादी, खाट, औषधांची पिशवी, गॅस, कुकर, सगळं टेम्पोत पुढे, केबिनच्या भिंतीला टेकून. आघाडी पुढेच हवी ना! त्यामागे बाकीचं. पैलवान म्हणाला, काका, उलटं होतंय, शेवटी चढतं ते आधी उतरतं. मी म्हटलं, तू सेनापती की मी?

पोचलो. टेम्पोची मागची फळी पाडली. समोर सोफे, कपाटं, पुस्तकांची खोकी. आघाडी त्या सगळ्यांच्या मागे. हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकलं असतं.

नवी जागा तिसऱ्या मजल्यावर. सगळं वर जाईपर्यंत म्हातारी खाली फूटपाथवर उलट्या बादलीवर बसून होती. भांडली नाही. जरा वेळाने विचारायची, माझी पिशवी आली का. मग पुन्हा विचारायची. औषधाची वेळ टळून गेली होती. मुलाने थेट मालकाला फोन लावला. मालक स्वतः आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला की हे आपल्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

ती पिशवी कापडी होती. बंद तुटलेला, गाठ मारलेली. हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं.

सेनापतीला पुरवठ्याचं बघायला वेगळा माणूस असायचा. माझ्याकडे तो नाही, हे मालकाच्या लक्षातच येत नाही.

२१ मार्च

बंड. गँग मालकाकडे गेली आणि म्हणाली, आम्हाला दुसऱ्या टेम्पोवर टाका. पैलवानसुद्धा! माझ्याकडे बघत नव्हता.

हे तर होणारच होतं. बियास नदीवर सिकंदराच्या सैन्यानेही पुढे पाऊल टाकायला नकार दिला. तेव्हा तो तंबूत जाऊन बसला, कुणाचं तोंड बघेना. मीही टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, काच वर केली. मनधरणीला येतील तेव्हा काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. थोडं कठोर, शेवटी क्षमा.

केबिन फार तापते. दुपारी उतरलो. सगळे जेवून गेले होते.

सिकंदर पुन्हा पहिला. त्याचं दुःख मला आता समजतं.

२५ मार्च

गोगलगाय शाखाप्रमुख.

मालकाला दूरदृष्टी नाही, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. इथे लिहिलं नसेल, पण म्हणत होतो.

मी उद्यापासून फोनवर. नेपोलियनला बेटावर बसवलं होतं. तो काय तिथे गप्प बसला? परत आलाच ना! (पुढे वॉटर्लू झालं. तो भाग वेगळा.) आणि रशियाचा कुतुझॉव्ह बघा. मागे हटत हटत अख्खं मॉस्को सोडून दिलं आणि नेपोलियनलाच गोत्यात आणलं. माघार हीच चाल. कुतुझॉव्ह पहिला.

हिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, बरं झालं, कमरेला आराम. मी माघारीचं सगळं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, अहो, जेवून घ्या. अर्धी पोळी ताटातच राहिली. कमरेमुळे असेल.

२८ मार्च

फोनवर. वेगळा अनुभव. आज एकाने कपाटाचे दर विचारले. मी त्याला कपाट कुठल्या मार्गाने न्यावं ते समजावलं. त्याने मध्येच कट केला.

घरी आलो तर कळलं की हिने आपलं सामान हलवायला परस्पर गोगलगायीला सांगितलंय. माझ्याच घराची मोहीम! ती म्हणाली, तुम्हाला कमरेचा त्रास आहे ना. मी तडक सांगितलं, नेतृत्व माझंच राहील. ती हो म्हणाली. फार लवकर हो म्हणाली.

रात्रभर नकाशा काढला. हिने त्यात पेले गुंडाळले.

३१ मार्च. संध्याकाळ. नवं घर

सकाळी गँग आली. माझीच जुनी गँग. पैलवानाने चक्क नमस्कार केला आणि म्हणाला, सर, हुकूम द्या.

सर!

मी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो आणि मोहीम चालवली. काय वर्णावं. मी ‘उचला’ म्हणायच्या आत उचललेलं असे, ‘जपून’ म्हणायच्या आत जपून धरलेलं असे. हुकूम मिळण्याआधीच पाळणारं सैन्य सिकंदरालाही लाभलं नाही. एक बारीकशी गोष्ट, उचलताना सगळे हिच्याकडे बघत होते. ती नुसती मान हलवायची. घराची बाई म्हणून बघत असतील. गोगलगाय एका कोपऱ्यात ग्रंथांचं खोकं बांधत होता, फार निगुतीने. त्यावर त्याने ‘नाजूक’ लिहिलं. मी विरोध केला नाही.

शेवटी मी बसलो होतो ती खुर्चीही नेली.

टेम्पो भरला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी चढायला गेलो, ती सेनापतीची जागा. ही सगळ्यांच्या देखत म्हणाली, यांना शेवटी चढवा. आणि स्वतः पुढे जाऊन बसली. मी चिडलो, कुणीही चिडेल. मागे गाद्यांवर, बादली आणि कुकर यांच्यामध्ये मला बसवलं आणि फळी लावली.

अर्ध्या वाटेत ट्यूब पेटली. शेवटी काय चढवतात? पोचल्यावर जे सगळ्यात आधी लागतं ते! म्हातारीची पिशवी शेवटी चढायला हवी होती. आणि हिने आज मला शेवटी चढवलं. गादी, कुकर आणि मी. इतक्या वर्षांच्या संसारात ही तोंडाने असं कधी बोलली नाही. डोळ्यांत पाणी आलं. टेम्पोत धूळ फार असते.

पोचलो. फळी पडताच सगळ्यांच्या आधी उतरलो. छाती पुढे काढून विचारलं, बोल, मी कुठे हवाय?

ती म्हणाली, दारात. ते खालचं दार मिटतं. परवा दगड लावून बघितला, तो सरकतो. काहीतरी जड लागतं.

बरं.

उभा राहिलो. पाठ दाराला, टाचा जमिनीत. स्प्रिंग खरंच कडक आहे, तिने सांगितलं होतं ते खरं होतं. गादी गेली, कपाट फळ्याफळ्यांनी गेलं, ‘नाजूक’ गेलं. एकाही वस्तूला दार घासलं नाही. पैलवान खोकं घेऊन जाता जाता म्हणाला, काय काका, खिंड? चेष्टाच असावी. कमर ठणकत होती. पण दार सोडलं नाही.

१ तारखेला एका जागी उभं राहणाऱ्यांविषयी जे लिहिलं होतं ते आताच खोडलं आहे. सिकंदर, नेपोलियन, कुणालाही हे जमलं नसतं. दोन मिनिटांत पुढे गेले असते.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. टेम्पो निघून गेलेला. वर जावं की नाही ते कळेना. सांगायलाही कुणी येईना. शेजारच्या एक बाई आत आल्या आणि थँक्यू म्हणाल्या. मी दार धरून उभाच होतो.

शेवटी वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. तोफ झाली असं धरून दार सोडलं.