चव जयाने घेतली होती

चौक,
शुक्रवार, ता. १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयास,

शरीफाभाभीचा सलाम आणि जय भीम. आम्ही सगळी अल्लाच्या कृपेने बरी आहोत. तू, तुझा भाऊ कपिल आणि वहिनी पळसदरीला खुशाल असाल, अशी दुआ करते. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून दहावीच्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलेय.

आमच्या इल्माचं लग्न ठरलं. मुलगा तळोज्याचा, माणसं चांगली आहेत. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी टेंपो स्वतःच चालवतात. जेवणाच्या ऑर्डरी चालू आहेत.

काल योगेंद्र आले होते, मोहोपाड्याला कंपनीचं कँटीन चालवतात ते. म्हणाले, "जयाबाई काम मागतायत. दहा वर्षं तुमच्याकडे होत्या. बाई कशी आहे? ते रमजानचं ऐकलंय, म्हणून विचारतो."

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

बाई सोन्यासारखी आहे, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

लोकांना ठाऊक आहे ते असं, की कॉलनीतल्या इफ्तारीला आपल्याकडून सांदणं आणि नारळाचा रस गेला, आणि रस खाऊन आठ मुलं उलट्या करत दवाखान्यात पोचली. रोजा असला की मी चव घेत नाही, चव जया घेते, हे चौकपासून मोहोपाड्यापर्यंत सगळ्यांना माहीत.

खरं काय ते तुला माहीत आहे, पण सगळं तुलाही नाही. रस मी सकाळी सातलाच काढून ठेवला होता. दिवसभर पत्र्याखाली तापला. तीन वाजता तू चाखलास आणि तोंड वाकडं केलंस.

"भाभी, आंबूस लागतोय गं. टाकून दे."

"चौदा नारळांचा आहे, जया."

"चौदाचा असू दे नायतर चाळीसचा. पोरं खाणार हायत. तुला वास नाय येत?"

"उपाशी पोटी मला सगळ्याचाच वास येतो," म्हणून मी हसण्यावारी नेलं. तू नवे नारळ आणायला निघालीस, तर तुला सांदणं वाफवायला बसवलं. "बघते मी रसाचं," म्हटलं. तुला वाटलं, टाकला. मी गूळ आणि वेलची वाढवली आणि डबे भरले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतली माणसं दारात आली. तू माझ्या शेजारीच उभी होतीस. मी म्हटलं, "मला रोजा होता. चव जयाने घेतली होती."

एकही शब्द खोटा नव्हता. ह्यांनीही नंतर तेच म्हटलं, "तू खोटं कुठे बोललीस? पंधरा वर्षांचं नाव आहे, असं घालवायचं नसतं." तेवढ्या आधारावर मी उरलेले रोजे धरले. अल्लाला अर्धं सांगून भागत नाही, हे मलाही कळत होतं.

तू खोचलेला पदर सोडलास, चप्पल घातलीस आणि गेलीस. तुझं कोण ऐकणार होतं? लोक म्हणतात, शरीफाच्या हातचं डोळे मिटून खावं. त्यातलं निम्मं नाव तुझ्या जिभेचं होतं. नाव सगळं मी ठेवून घेतलं आणि बदनामी तेवढी तुला दिली.

सोमवारी योगेंद्रना जाऊन सांगायचं ठरवलंय. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही. समोर माणूस उभा राहिला की मी आधी नाव सांभाळते. म्हणून हे कागदावर, माझ्या अक्षरात. जपून ठेवू नकोस, दाखव. योगेंद्रना दाखव, कॉलनीत दाखव, ज्या ढाब्यांनी तुला परत पाठवलं तिथेही दाखव. ह्यांना मी अजून विचारलेलं नाही. इल्माच्या सासरपर्यंत जाईल, तर जाऊ दे.

माफी पत्रातून मागत नाही. ती मागायला पळसदरीला येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

रस आंबला होता. जयाने टाकायला सांगितला होता. मी पाठवला.

शरीफा मोहियुद्दीन मुकादम
राहणार चौक, तालुका खालापूर