पहिल्या वेच्याची गादी

जठारपेठ, अकोला
५ नोव्हेंबर २००६

चि. नितेश यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला ओवाळून मी पाठ फिरवली तोवर तू ताटावरच डुलकी घेतलीस. आम्ही सगळे हसलो. मग मी तुझी गाडी पाहिली. सीटवरचा स्पंज गेलेला, नुसती लाकडी फळी. गावोगाव किराणा पोचवणारा माणूस दिवसभर फळीवर बसतो आणि बहिणीला सांगत नाही!

शेतातल्या पहिल्या वेच्याच्या कापसाची गादी शिवून पाठवते आहे. यंदा कापसाला भाव नाहीच, निदान तुझ्या पाठीला तरी आराम पडेल. बसलास की कळव, नाहीतर पुढच्या भाऊबीजेला ओवाळणार नाही.

माया आहेच, ती पुरवून वापर.
तुझी ताई, चंदा

बडनेरा
१९ नोव्हेंबर २००६

ती. सौ. चंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

गादी पोचली, त्याच दिवशी सीटवर टाकली. पाठ तुला दुवा देते. शेठनं पाहिलं तर गादीचंही भाडं लावतील.

एक ड्रायव्हर सोडून गेल्यापासून त्याच्या फेऱ्याही माझ्याच गळ्यात आहेत. एक माल उतरवला की दुसरा भरून तयार. झोपेपुरता वेळ द्या म्हटलं, तर शेठ म्हणतात, शेती बुडाल्यापासून लायसन घेऊन दाराशी उभे राहणारे पुष्कळ आहेत. डोळे चुरचुरले की थांबून पाणी मारतो. काळजी करू नकोस. संक्रांतीला शालूला घेऊन येतो, तेव्हा ताटावर जागा राहीन.

लोभ असाच राहू दे, रागासकट.
तुझा नितेश

अकोला
८ जानेवारी २००७

चि. सौ. शालूस,
आशीर्वाद.

नितेशच्या तेराव्याला आले, पण तुझ्यासमोर बसायचा धीर झाला नाही. अंगणात ड्रायव्हर लोक बोलत होते, की त्याचा डोळा लागला आणि गाडी झाडावर गेली. एक जण म्हणाला, सीट मऊ असली की झोप लवकर येते. गादी मी शिवली, मीच हट्टानं त्याला तिच्यावर बसवलं. माझ्या हातानं माझा भाऊ गेला. मला काय म्हणायचं ते म्हण, पण बोल.

अभागी चंदा

बडनेरा
१५ जानेवारी २००७

ती. सौ. चंदाताईंस,
नमस्कार.

सवयीनं तुमच्या हातून माझ्या नावाआधी सौ. लिहिलं गेलं. मी ते खोडलं नाही.

ताई, गादी गाडीत कधी नव्हतीच. पहिल्या दिवसापासून ती घरातच आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी पत्रात तसं लिहिलं. स्पंजही ह्यांनीच काढला होता. मला म्हणायचे, मऊ जागी बसलो का डोया लागते, फळी टोचत राह्यली का मानूस जागा राह्यते. त्या दिवशीही फळीच होती. दोन रात्री पाठ टेकली नव्हती. आता फेरी नको म्हणाले, तरी शेठनं चावी हातात दिली. मग फळी तरी किती टोचणार? तुमच्या हाताचा दोष नाही.

सुट्टी मिळाली की हिच्यावर डोकं टेकून पोटभर झोपीन, असं म्हणून ह्यांनी ती पेटीवर ठेवली होती. आता मी उशाला घेते. फार मऊ आहे, ताई. झोप मात्र येत नाही.

एकदा येऊन जा. माया तोडू नका.
तुमची शालू