बावन्नपैकी बावन्न

४ जानेवारी १९८६, शनिवार. सकाळी ९.१०
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच: 'लँटर्न' साप्ताहिकाची बावन्न शब्दकोडी, बावन्न बरोबर. मदत कोणाचीही नाही. रागावणं कमी. (डॉक्टरांची अट.)

दुपारी १.००
पहिलं कोडं संपलं. रचनाकार 'गांधीलमाशी'. हे सगळे भित्रे लोक टोपणनावाने लिहितात, नाहीतर लोक घरी जाऊन मारतील. चौकट भरली, शेवटचं उत्तर कसं काढायचं ती छुपी सूचनाही सापडली. शेवटची उत्तरं मात्र दोन निघत होती. पहिलं सुचलेलं लिहिलं. आत्मविश्वास असला की पहिलं सुचलेलंच बरोबर असतं. पाकीट बायकोकडे, म्युरिएलकडे दिलं. पोस्टाचं काम तिच्याकडे.

७ जानेवारी
वाचनालय. मोठा शब्दकोश एकच आणि त्यावर डॉ. टॅटर्सल ठाण मांडून. हा आमचा शेजारी. निवृत्त दंतवैद्य. तीन वर्षं बावन्नपैकी बावन्न बरोबर आलेला माणूस, आणि हे तो विसरू देत नाही. अजून किती वेळ, असं मी विचारलं. तर म्हणाला, क्लिफर्ड, तू घरी जाऊन बस, माझं संपलं की इथल्या खिडकीचा पडदा हलवतो. मिस क्वेल, वाचनालयवाली, हसली. हिचं नाव लक्षात ठेवलं आहे.

घरी माझा स्वतःचा शब्दकोश आहे. 'म'पासून 'र'पर्यंतची पानं नाहीत, पण त्या भागात फारसं काही नसतंच.

१ फेब्रुवारी
पाच झाली. पाचही बरोबर.
तपासणी कोण करतं, तर लोस्टॉफ्टला राहणारे कोणी मिस्टर प्लमट्री. हजारभर पाकिटं हाताने तपासतात, फुकट. निकाल वर्षभर कळवत नाहीत. वर्ष संपलं की आपल्याच पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, मग ते यादी पाठवतात. 'लँटर्न' तीन आठवड्यांनी उत्तरं छापतं खरं, पण मी ती वाचत नाही. उत्तर तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. शिवाय मागच्या वर्षी वाचली होती तेव्हा रक्तदाब वाढला. आता ते पान आलं की डिंकाने चिकटवून टाकतो.

१५ फेब्रुवारी
म्युरिएल 'लँटर्न'चा दुसरा अंक स्वतःसाठी घेते. विणकामाच्या पानासाठी, म्हणे. एका घरात एकच साप्ताहिक दोनदा. मी म्हटलं, माझ्या अंकातलं पान काप ना. म्हणाली, तुझ्या अंकाला हात लावला तर तू आठवडाभर बोलत नाहीस, मग आठवडाभर बोलतोस. अर्थ लागला नाही. बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

८ मार्च
'लँटर्न'चं वार्षिक जेवण यंदाही चेस्टरला. गेलो होतो. बावन्नवाल्यांना व्यासपीठाजवळचं लांब टेबल. बाकीच्यांनी त्यांच्यामागे उभं राहून चमचे वाजवायचे, अशी पद्धत. एकोणीस वर्षं वाजवतो आहे. टॅटर्सल बसला होता. मान न वळवता म्हणाला, जरा जोरात वाजव क्लिफर्ड, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
चौतीस वर्षं वजनमाप खात्यात दुसऱ्यांचे तराजू तपासले मी. लबाड माणूस ओळखतो. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत मी. हा चमचा घेऊन मागे.

५ एप्रिल
भाषणाचा पहिला मसुदा लिहिला. टॅटर्सलवर दोन परिच्छेद. कठोर, पण सभ्य.

७ जून
आजच्या कोड्यात छुपी सूचना अशी की ठरावीक चौकोन हिरवे रंगवायचे, चित्र दिसेल, चित्राचं नाव हेच शेवटचं उत्तर. रंगवले. किटली. स्वच्छ किटली. म्युरिएल चहा ठेवताना खांद्यावरून डोकावली. म्हणाली, किटलीला डोळा असतो का? मी म्हटलं, ते झाकणाचं बटण आहे. म्हणाली, आणि शेपटी? मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं.
पाकीट टाकायला ती गेली ती दीड तासाने आली. पेटी कोपऱ्यावर आहे. विचारलं, तर म्हणाली, चर्चच्या बाकावर जरा बसले होते, ऊन छान होतं. माझी हिरवी पेन्सिलही निम्मी झाली आहे. घरात चोऱ्या.

१२ जुलै
अठ्ठावीस झाली. अठ्ठावीसही बरोबर. भाषणाचा चौथा मसुदा. टॅटर्सल आता तीन परिच्छेद.

२ ऑगस्ट
गांधीलमाशीचं कोडं. हा माणूस नीच आहे. छुपी सूचना म्हणते, कोडं कापा आणि घडी घाला. कापलं. घडी घातली. काहीच दिसेना. पुन्हा उलगडलं आणि शेवटचं उत्तर म्हणून 'घडी' लिहिलं. यापेक्षा उघड काय असणार?
म्युरिएल म्हणाली, हे असं चुरगळलेलं पाठवणार? मी इस्त्री करून देते. कागदाला इस्त्री. मी नको म्हटलं नाही, मान राखला.

६ सप्टेंबर
टॅटर्सल कुंपणावरून: यंदा कसं काय? मी: छत्तीस. तो: छत्तीस पाठवली की छत्तीस बरोबर? मी कुंपणाची कात्री चालू केली. विजेची कात्री हा या वर्षातला उत्तम खर्च.

१२ ऑक्टोबर, रविवार
टॅटर्सल पती-पत्नी चहाला. म्युरिएलने बोलावलं, मी नाही. टॅटर्सल मुद्दाम म्हणाला, म्युरिएल, तूही सोडवतेस का ग कधी? ती काही म्हणायच्या आत मी म्हटलं, हिला शब्दकोडं आणि क्रोशाचा रुमाल यातला फरक कळत नाही. हिचा उपयोग तिकीट चाटण्यापुरता.
सगळे हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. टॅटर्सलची बायको केककडे बघत बसली.
पाहुणे गेल्यावर म्युरिएल शांतपणे म्हणाली, मग आता तिकिटंही तूच चाट.

१३ ऑक्टोबर
म्युरिएल बहिणीकडे गेली, समुद्रकाठी स्कारबरोला. दोन बॅगा. हवापालट, म्हणे. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाली, बघू. जाताना एकेचाळिसावं पाकीट पेटीत टाकलं, एवढं तरी केलं.
घर शांत. आता कामाला वेग येईल.

१८ ऑक्टोबर
बेचाळिसावं कोडं पावणेदोन तासांत. विक्रम. मागून कोणी डोकावत नाही, कोणी शेपटी विचारत नाही. स्वतः जाऊन टाकलं. चार मिनिटं लागली. दीड तास!
जेवण: डब्यातले बीन्स.

१ नोव्हेंबर
त्रेचाळीस, चव्वेचाळीस, दोन्ही झपाट्याने. भाषण आठवा मसुदा. 'माझ्या पत्नीच्या अनुपस्थितीत' हे शब्द काढले. लोक भलता अर्थ काढतील.
जेवण: बीन्स. टोस्ट करपला.

१० नोव्हेंबर
हाताशी होती ती तिकिटं संपली, बाकीची कुठे ठेवलीत ते कळेना, म्हणून स्कारबरोला फोन. मेव्हणी एनिडने उचलला. माझं नाव ऐकून म्हणाली, हां, तुम्ही. असं फक्त तीच म्हणू शकते. मग म्युरिएल आली. तिकिटं चहाच्या डब्यामागे. मी म्हटलं, बाकी मस्त चाललंय, दोन तासांत संपवतो. ती म्हणाली, शनिवारचं परत बघ क्लिफर्ड, सूचना खालून वर वाचायची आहे. आणि पाठवताना घाई करू नकोस.
स्कारबरोहून माझ्या कोड्यात नाक! मी म्हटलं, तू लोकरीकडे लक्ष दे. फोन ठेवला. कोडं परत बघितलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ डिसेंबर
एकोणपन्नास. टॅटर्सल दाराशी. म्युरिएलचं काही कळलं का, विचारत होता. मी म्हटलं, हवा मानवते आहे तिला. तो म्हणाला, तुला नाही मानवत असं दिसतंय, तू बारीक झालास. मग म्हणाला, रविवारी आमच्याकडे जेवायला ये. शत्रूचं अन्न नको. म्हटलं, काम आहे.

२५ डिसेंबर
म्युरिएलचं कार्ड आलं. 'काळजी घे.' खाली नाव. बाकी कोरं.
नाताळची टर्की एकट्यासाठी आणत नाहीत. बीन्स.
खरं सांगायचं तर दुपारी बरं वाटत नव्हतं. बहुतेक पोटाचं.

२७ डिसेंबर
बावन्न! शेवटचं पाकीट टाकलं आणि त्याच पावली मिस्टर प्लमट्रींना स्वतःच्या पत्त्याचं पाकीट पाठवलं. चेस्टरला लांब टेबलावरची खुर्चीही राखून ठेवायला लिहिलं. वेळेत लिहिलेलं बरं, नंतर गर्दी होते.

२० जानेवारी १९८७. सकाळी ११.३०
लोस्टॉफ्टहून पाकीट आलं. जाडजूड. फोडलं नाही. ठरवल्याप्रमाणे टॅटर्सलला चारला बोलावलं आहे. पाकीट त्यानेच फोडायचं आणि त्यानेच मोठ्याने वाचायचं. शेरी काढून ठेवली. भाषण, अकरावा मसुदा, खिशात.

सायं. ६.००
झालं ते लिहितो.
टॅटर्सलने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कोडं एक, बरोबर. कोडं दोन, बरोबर. दहापर्यंत त्याचा आवाज सरळ होता, विसाव्यापासून बारीक होत गेला. मी शेरी ओतली. तेविसावं बरोबर. एकतिसावं, ते घडीचं, बरोबर. एकेचाळिसावं बरोबर. तो थांबला. म्हणाला, क्लिफर्ड, पुढचं तूच वाच. मी म्हटलं, वाच, वाच, आता लाजू नकोस.
बेचाळीस, चूक. त्रेचाळीस, चूक. तो वाचत गेला. बावन्नपर्यंत. अकराच्या अकरा.
खाली मिस्टर प्लमट्रींनी क्लिफर्ड बॅगशॉबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, हाताने लिहिलं होतं. तेही त्याने वाचलं, मी अडवेपर्यंत वाचून झालं होतं. "श्री. बॅगशॉ यांचं सुबक अक्षर आणि नेटक्या घड्या तपासणं हा वर्षभर माझा आनंद होता. बेचाळिसाव्या कोड्यापासून अक्षर बदललं. श्री. बॅगशॉ आजारी तर नाहीत ना, की याहून वाईट काही? तसं असल्यास मनापासून सहानुभूती. त्यांच्या जागी जे कोणी सोडवत आहेत, त्यांनी खचून जाऊ नये. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं."
टॅटर्सल निदान हसला असता तर बरं झालं असतं. पेला तसाच ठेवून उठला, दाराशी थांबला आणि म्हणाला, म्युरिएल कधी येणार आहे? मी म्हटलं, मला काय माहीत.

२१ जानेवारी
प्लमट्री म्हातारा झाला आहे. पोस्टात कोणीतरी पाकिटं बदलली. टॅटर्सलची लोस्टॉफ्टला ओळख असणार.
चिकटवलेली सगळी पानं वाफेवर उकलली. शेजारी म्युरिएलकडे देण्याआधी उतरवून ठेवलेल्या माझ्या उत्तरांच्या नकला मांडल्या आणि चौतीस वर्षं जशी तपासणी केली तशीच केली. पहिल्या एकेचाळीस कोड्यांत माझं शेवटचं उत्तर छापलेल्या उत्तराशी चार वेळा जुळतं. किटली मुंगूस निघाली.
प्लमट्री म्हातारा झालेला नाही.

२२ जानेवारी. सकाळी १०.००
चेस्टरची खुर्ची रद्द करायला लिहिलं. वाईट वाटतं आहे. फार वाईट वाटतं आहे, आणि ते खुर्चीचं नाही.
मग मिस्टर प्लमट्रींना उत्तर लिहिलं. सहा कागद फाडले, सातवा पाठवला. नक्कल अशी: "महोदय, आपुलकीबद्दल आभार. खरे बॅगशॉ ऑक्टोबरपासून हवापालटासाठी समुद्रकाठी आहेत आणि प्रकृती उत्तम असल्याचं कळतं. बदली माणूस मी. त्यांना मी फार वाईट बोललो होतो. परत येतील की नाही, सांगता येत नाही."