मिस्तरीसमोर शहाणा होणारा मॉनिटर

१ एप्रिल, मंगळवार

गेला! पुन्हा गेला! अपेक्षा पुण्याच्या साहेबासोबत मीटिंगमधे बोलून राहिली होती, अन् मॉनिटर काळा ठिक्कर! चार-दोन सेकंदांत आपोआप आला, पण तेवढ्यात पोरीची बोलती बंद. साहेब चिडला. येत्या मंगळवारी मोठ्या गिऱ्हाइकाले काम दाखवायचं आहे, तवा असं झालं तं घरून काम बंद, पुण्याले या – म्हणे.

पुण्याले! आत्ता कुठं तं पोरगी अकोल्याले परत आली. तिच्याविना हे घर खायाले उठत होतं. अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात वायरिंग केली मी. हा एवढासा डबा मले ऐकणार नाही?

२ एप्रिल, बुधवार

वायर काढली, पुसली, लावली. बोर्ड बदलला. दुपारभर झकास चालला. मी चहाले उठलो – काळा! रुख्मिणी दारातून म्हणे, "अहो, एसटीच्या गाड्या तुमच्यानं चालत होत्या का तुमच्यावाचून?"

बायको आहे का वैरीण!

३ एप्रिल, गुरुवार

बसस्टँडजवळच्या तनवीर मिस्तरीले बोलावलं. पाहुणा म्हणून कूलर लावला. एरवी आमच्याकडे दिवसा कूलर नाही – नळ येते कधीमधी, टाकीतलं पाणी पुरवावं लागते. तासभर झाला, मॉनिटर एकदम शहाणा! तनवीर चहा पिऊन गेला. कूलर बंद केला. मग थोड्या वेळानं मी पेपर ठेवाले उठलो – काळा!

आता हे काय नाटक?

४ एप्रिल, शुक्रवार

तनवीर पुन्हा आला. कूलर लावला. मॉनिटर पुन्हा शहाणा! "काकाजी, मले पाहून भेते का हा?" म्हणे. मी म्हटलं, बाप्पा, मंगळवारपर्यंत इथंच राहून जाय!

हसण्यावारी नेलं. पण रात्रीचं जेवण गेलं नाही मले.

६ एप्रिल, रविवार

आज मॉनिटरले सुट्टी. मलेही.

७ एप्रिल, सोमवार

सापडलं!! अपेक्षाच्या बाजूले माझी फिरती खुर्ची असते, तिनंच घेऊन दिलेली. तिथं पेपर वाचत, तिच्या मीटिंगा ऐकत बसतो. समजत काही नाही, पण बरं वाटते. आज उठलो – काळा. बसलो – आला. पुन्हा उठलो – काळा!

तनवीरले फोन केला. तो हसूनच राहिला! "काकाजी, कोरडी हवा, फोमची खुर्ची अन् तुमची टेरिकॉटची पॅन्ट. उठता तं घासून करंट तयार होते, त्याचा झटका मॉनिटरले. कूलरनं हवा ओली झाली की काही नाही होत."

म्हणजे पाहुणचार करून करून दुखणं आपणच लपवलं! अन् दुखणं कोण? मी!

८ एप्रिल, मंगळवार

टाकी कोरडी, कूलर बंद. अपेक्षा म्हणे, खुर्ची बदलून पाहू. मी म्हटलं, आज परीक्षा नको, मीच बाहेर बसतो. सकाळपासून ओसरीत. घाम नुसता! पण मॉनिटर एकदाही गेला नाही. गिऱ्हाईक खुश. साहेब म्हणे, राहा अकोल्याले!

पेढे आणले. आतापासून माझी जागा ओसरीतच, कायमची. पोरगी घरी राहिली, अजून काय पायजे? पण आत ती खळखळून हसली, अन् कशाले हसली ते मले समजलं नाही. वाईट वाटलं. खोटं कशाले लिहू?

९ एप्रिल, बुधवार

अपेक्षानं लाकडी खुर्ची आणून बाजूले ठेवली. "बसा." मी म्हटलं, नको वं, नोकरी जाईन तुझी! तं म्हणे, "बाबा, साहेब चिडला त्याच दिवशी मी त्याले कळवलं होतं – नोकरी गेली तं गेली, पुण्याले येत नाही. तुमी दुरुस्तीत रमले होते, म्हणून बोलली नाही."

लाकडी खुर्ची टोचते. बसलो.