नाव मोठं, लक्षणही मोठं

बाई, आधी तुम्हाला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल, "हे काय नवीन खूळ काढलंस?" न सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू. तो हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून आपल्या माणसाकडे द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून गेला की गोल. आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला धरून खाली पाडायची मुभा. हे वाचून तुमचा चष्मा परत नाकावर आला असेल. माझंही तसंच झालं होतं. दोहात शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, डोक्याला स्कार्फ बांधणारी, गुडघे कुरकुरणारी मी या खेळात शिरले ती त्या एका नियमापायी.

आमच्या शाळेत खेळ शिकवणारी एक ऑस्ट्रेलियन शिक्षिका आहे. तिच्या देशातल्या इथल्या लोकांचा एक छोटा क्लब आहे, त्याची ती अध्यक्ष. बायकांच्या संघाला पाणी आणि बर्फ सांभाळायला कुणीतरी हवं होतं, तर माझ्या लेकीने मला न विचारता परस्पर सांगून टाकलं, "माय मॉम विल डू इट." संघात कोण, तर नर्सा, शिक्षिका, विमानात काम करणाऱ्या मुली. निम्म्या ऑस्ट्रेलियन, बाकी आयरिश, फिलिपिनो, मल्याळी. दुबई, बहरीनचे संघ यायचे आणि आम्हाला धुऊन जायचे. सुरुवातीला मी बर्फाच्या पेटीवर बसून गप बघत होते. पण त्या एकमेकींना ज्या पद्धतीने धरायच्या ना, लग्नात विहिणी भेटतात तशा! एके दिवशी राहवलं नाही. उठले आणि एका धिप्पाड नर्सला मागून कमरेत अशी आवळली की ती खाली बसली. मग सगळ्या म्हणाल्या, आम्हाला शिकव. मी शिकवलं. कमरेची पकड शिकवली, आणि मग तुम्ही कबड्डीत शिकवलेलं, जे आपल्याला सगळ्यात चांगलं येतं ते, म्हणजे घोट्याची पकड. पुढच्या सामन्यात माझ्या मुली सापासारख्या खाली झेपावत होत्या आणि पंच शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. या खेळात गुडघ्याखाली धरायचं नसतंच! मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धरायची मुभा आहे म्हटल्यावर रत्नागिरीकडच्या बाईला घोटाच दिसणार. दणदणीत हरलो आणि सगळ्या पोट धरून हसल्या. अजूनही कुणी चुकून खाली धरलं की त्या "रत्नागिरी!" म्हणून ओरडतात. तुमच्या शाळेचं नाव असं वाळवंटात गाजवलं मी.

मग आमच्या प्रशिक्षकाची बदली झाली. इथे माणसं अशीच जातात, आज आहे, महिन्याभरात सामान बांधून खलास. अध्यक्षबाई म्हणाल्या, दुसरं कुणी मिळेपर्यंत तू बघ. ते बघता बघता दोन हंगाम गेले. मी दुसरं काही केलं नाही, तुम्ही करायचात तेच केलं. सरावाला आलेल्या प्रत्येकीला आधी विचारायचं, काय जेवलीस? तुम्ही मैदानावर पाणी मारून झालं की आम्हाला ओळीत उभं करून हेच विचारायचात. कुणी "भात" म्हणून खोटं बोललं तर तुम्हाला चेहऱ्यावरून कळायचं आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू निघायचा. "उपाशी पोरीचा दम मधल्या रेषेवरच तुटतो," असं म्हणायचात. इथल्या पोरी पहिल्यांदा हसल्या. मग रात्रपाळी करून आलेली एक नर्स म्हणाली, "काही नाही, फक्त कॉफी," आणि तिथेच रडायला लागली. त्या दिवसापासून मी डब्यातून घावणे नेऊ लागले. कुणाची कधी रात्रपाळी, कुणाचं विमान कधी उतरतं, हे सगळं बघून मी सराव ठेवायची. हरत होतो, पण संघापुरत्या नऊजणी तरी मैदानात उभ्या असायच्या. आधी तेवढ्याही नसायच्या.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. अब्बा म्हणाले होते, पोरगी चड्डी घालून खेळणार नाही, विषय संपला. तुम्ही वाद घातला नाहीत. सरळ आत आईजवळ चुलीपाशी पाटावर बसलात, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं मागून घेतलंत. तुम्ही मासे खाता हेही आम्हाला त्याच दिवशी कळलं. आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही तिला विचारताय, "हिची उंची किती होईल हो अजून?" आठवड्याने संघाच्या निळ्या रंगाची पायघोळ विजार तुम्ही स्वतः शिवून आणलीत, दोन इंच दुमडून ठेवलेली, पोर वाढेल म्हणून. अब्बांची हरकतच मिटली. त्या विजारीतच मी जिल्ह्याला खेळले.

आणि जिल्हा जिंकल्यावर शाळेने तो मुंबईचा प्रशिक्षक आणला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पेपरात फोटो येणारा माणूस, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. सत्कार त्याचा, भाषण त्याचं, आणि तुम्ही कडेला आमच्या चपला राखत बसलेल्या. मला इतका राग आला की मी त्याच्या सरावात मुद्दाम चढाईला जाईना, पायात गोळा आल्याचं सोंग केलं. तुम्ही मला नळापाशी नेलंत, आणि कधी नव्हे ते हात उगारलात, मारला नाहीत. "माझ्यासाठी खेळत होतीस होय गं? मग तू आजवर खेळलीच नाहीस. चल, जा." मी गेले. आम्ही राज्यस्तरावर उपान्त्य फेरी गाठली. तुम्ही टाळ्या वाजवत होतात. ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल! माझ्या बाईंचं मन एवढं मोठं होतं म्हणून.

आता आमच्याकडेही तसाच माणूस आलाय, बाई. ऑस्ट्रेलियात हा खेळ गाजवलेला, तिथे लोक म्हणे त्याला रस्त्यात अडवून फोटो काढतात. इथे कसल्याशा सल्लागाराच्या नोकरीवर आहे, संध्याकाळी मोकळा असतो. कुणाच्या तरी घरी जेवताना अध्यक्षबाईंची गाठ पडली आणि तो म्हणाला, बघू या तुमच्या मुली. क्लबात नुसता गोंधळ. एक गट म्हणे, एवढा मोठा माणूस आपल्याकडे येतोय, नशीब समजा. नावाने खेळाडू येतील, कुणीतरी जर्सी देईल. दुसरा गट म्हणे, ज्याला सगळं आयतं मिळायची सवय आहे तो या रात्रपाळीवाल्यांना घेऊन काय करणार? चार आठवड्यांत कंटाळेल आणि जाताना संघही मोडून जाईल. आमचे हे घरी बसून म्हणाले, "नाव मोठं, लक्षण खोटं. बघशील तू." खरं सांगायचं तर माझीही तीच आशा होती.

तो एका सरावाला आला. डोक्यावर टोपी, बोलणं अगदी हळू. माझ्याशी हात मिळवायला पुढे आला, मग स्कार्फ बघून हात छातीवर ठेवला. कुणीतरी शिकवलं असणार, पण शिकला होता. थोडा वेळ नुसता बघत राहिला आणि मला म्हणाला, "तुझ्या मुली माणसाला धरतात. चेंडू त्यांना दिसतच नाही." मग त्याने सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगितलं, हातात आला की ठेवू नका, सोडा, लगेच सोडा. या खेळात चेंडू कवटाळून पकडीत सापडलं की तो समोरच्याला देतात, हे मलाही माहीत होतं. पण मी शिकवताना तोंडातून निघायचं ते एकच, धर, सोडू नकोस. तासाभरात माझ्या त्याच मुली असा चेंडू फिरवायला लागल्या की मी बर्फाच्या पेटीवर बसून बघतच राहिले. दोन हंगाम मी त्यांना कबड्डी खेळवत होते, बाई. नाव मोठं आणि लक्षणही मोठंच निघालं. हां, कोण काय जेवलंय ते त्याने विचारलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं, आणि दोघी ड्यूटीमुळे येऊ शकल्या नाहीत तर म्हणाला, ज्या येतील त्यांना घेऊन संघ करू. त्या दोघींमधली एक म्हणजे ती कॉफीवाली नर्स.

जुम्मा झाल्यावर अबू हमूर भागातल्या कम्पाउंडमध्ये अध्यक्षबाईंच्या घरी बैठक होती. पाच-सहा माणसं, एसी फार थंड, टेबलावर केक. सगळे आपापलं बोलले. मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, निर्णय तुझ्यावर आहे. तू पुढच्या हंगामाला राहणार असशील, तर आम्ही त्याला नाही म्हणून कळवतो. राहशील ना? बाई, माझं काळीज इतकं भरून आलं की दुसरा शब्दच सुचला नाही. मी म्हणाले, "इन्शाल्ला."

आमच्या घरात याहून पक्का होकार नाही. "लग्नाला येशील ना?" "इन्शाल्ला," म्हणजे निघालेच समज. आपण नुसतं हो म्हटलं तर ते आपलंच असतं. हे म्हटलं की वरचा साक्षीला बसला. पण हे गोरे लोक तो शब्द कुणाकडून शिकलेत? एसी दुरुस्त करणाऱ्याकडून. "उद्या येतो, इन्शाल्ला," आणि आठवडाभर माणूस फिरकत नाही. सरकारी खिडकीवर "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला" म्हणजे विसरा. ते आपसात थट्टेने वापरतात, एखाद्याला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की. अध्यक्षबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "समजलं मला," त्या म्हणाल्या, "इतक्या मोकळेपणाने सांगितलंस, थँक यू." आणि टेबलाभोवती सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

त्याच क्षणी मला कळलं होतं. दोन शब्द बोलायचे होते, "अहो, हो म्हणाले मी." कुणी तोंड दाबलं नव्हतं. समोर केकची बशी आली, मी केक खाल्ला. छान झालाय म्हणाले, कृती विचारली.

घरी येऊन सांगितलं तर हे आधी खो खो हसले, आणि मग तडकले. "अगो, तू हो म्हनालीस नि ते नाय समजले? फोन लाव! आत्ताच्या आत्ता लाव नि सांग!" मी म्हटलं, नको. "नको म्हंजे? तुला गप बसायला कोनी सांगितलान?" कुणीच नाही. लेकीने मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं, "मम्मी, इट्स ओके, ही इज फेमस." मी भांडी घासली. आतून काही वाटेल म्हणून वाट बघत होते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल चिमटला तरी कळत नाही ना, तसं झालंय. तेव्हापासून तसंच आहे. ऑफिसात जाते, परत येते, शुक्रवारी मासे आणते. रडू येत नाही, राग येत नाही. अध्यक्षबाई शाळेत रोज भेटतात, हसतात, मीही हसते. मला त्यांनी टीम मॅनेजर केलंय, म्हणजे परत बर्फ.

माझं मन मोठं आहे असं आता क्लबात सगळे म्हणतात. तेव्हापासून मी तुमचाच विचार करतेय, बाई. तुम्हाला त्या मुंबईवाल्याबद्दल कुणी विचारलं तरी होतं का? की विचारलं होतं, आणि तुम्ही असंच काहीतरी सभ्य बोललात, आणि हेडमास्तरांनी सोयीचं तेवढं ऐकलं? नळापाशी तुम्ही हात उगारलात. मला वाटलं होतं माझ्यावरच्या रागाने. तुम्ही गेल्याचं मला इथे दोहात फोनवर कळलं, लेक तेव्हा पोटात होती, येता आलं नाही. आले असते तरी हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. आता विचारतेय तर पत्र धाडायचं कुठे? लिहून होईल आणि पाठीमागचं कोरं पान लेकीच्या गणिताला जाईल.

काल पहिला सामना झाला. बहरीनचा संघ आला होता. नर्स बाकावर होती, तिला खेळवलंच नाही. मी तिला घावणा दिला, तिने तो हातात धरून ठेवला. आमच्या मुली चेंडू सोडत होत्या, धावत होत्या, पुन्हा मिळवत होत्या, बघत राहावं इतक्या सुंदर. आम्ही जिंकलो. दोन हंगामांत पहिल्यांदा. सगळ्या किंचाळत धावत आल्या, आधी माझ्याच गळ्यात पडल्या, घामाने माझा स्कार्फ भिजला. मी हसत होते, त्यांच्या पाठीवर थोपटत होते, टाळ्याही वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही.

बाई, त्या हरायला हव्या होत्या मला.